दोन तास सहा मिनिटं: ‘फोर्ट स्टिकिन’चा घटनाक्रम

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमाराला आगीची वर्दी देण्यासाठी धावपळ सुरू झाली. चार वाजून सहा मिनिटांनी ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं आणि गोदीही त्याच्यासोबत गेली. मधल्या दोन तास सहा मिनिटांत त्या धक्क्यावर जहाजाचा कप्तान होता, दारूगोळ्याचा लष्करी जाणकार होता, गोदीचा व्यवस्थापक होता आणि शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुखही होता. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कोठारात, काय भरलंय हे त्यांना कळलेलं होतं. ते फुटलं तर काय होईल, हेही सांगून झालेलं होतं.

सागरी जोखमीचा अभ्यास करणारे लोक असा अपघात शेवटाकडून वाचायला घेतात. स्फोटापासून एकेक पायरी मागे जायचं आणि प्रत्येक पायरीवर दोनच गोष्टी विचारायच्या: साखळी इथे तोडता आली असती का, आणि ती तोडायचा अधिकार कोणाच्या हातात होता? खालचा घटनाक्रम सरळ दिशेने लिहिला आहे, पण वाचताना हे दोन प्रश्न सोबत ठेवावेत.

२४ फेब्रुवारी १९४४, बर्कनहेड

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्कनहेड बंदरातून ‘फोर्ट स्टिकिन’ निघालं. ७,१४२ टनांचं मालवाहू जहाज, १९४२ साली कॅनडातल्या प्रिन्स रूपर्ट इथे बांधलेलं. कप्तान अलेक्झांडर जेम्स नेस्मिथ. पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा: पाणतीर, सुरुंग, तोफगोळे, काडतुसं. त्यातला २३८ टन माल ‘ए’ वर्गातला, म्हणजे उष्णता आणि धक्का यांना सर्वांत लवकर दाद देणारा. शिवाय ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा, प्रत्येक पेटीत चार.

यात त्या काळाच्या मानाने वावगं काही नव्हतं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जपान्यांशी लढाई पेटली होती. एप्रिल उजाडताना कोहिमाला वेढा पडणार होता. आघाडीचा माल मुंबईमार्गेच जायचा. नीट बांधलेला, नीट रचलेला दारूगोळा महिनोन्महिने समुद्रावर सुखरूप प्रवास करतो. जोखमीची पहिली नोंद होते ती या मालाशेजारी दुसरा कोणता माल येऊन बसतो, तेव्हा.

एप्रिलचा पहिला पंधरवडा, कराची

जिब्राल्टर आणि पोर्ट सैद करत जहाज कराचीला आलं. काही माल उतरला, जागा झाली. युद्धकाळात रिकामी जागा म्हणजे गुन्हाच. पंजाब आणि सिंधचा कापूस रेल्वेने मुंबईला आणायला तेव्हा बंदी होती, त्यामुळे व्यापाऱ्यांना समुद्राखेरीज वाट नव्हती. हजारो गासड्या जहाजावर चढल्या. त्यांच्यासोबत वंगणतेलाची पिंपं, इमारती लाकूड, भंगार लोखंड आणि मासळीचं खतही.

नेस्मिथने या सरमिसळीला हरकत घेतली आणि ती नोंदवलीही. पेट घेणारं किंवा फुटणारं जे जे काही असतं ते बहुतेक सगळं आपल्या जहाजावर आहे, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. हरकत कागदावर राहिली आणि कापूस होल्डमध्ये गेला. दोन नंबरच्या होल्डच्या तळाशी गासड्या, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर दारूगोळा.

कापसाची गासडी हा फसवा माल आहे. दाबून बांधलेली असली तरी तिच्या आत हवा असते. ठिणगी आत शिरली की ज्वाळा न दिसता ती तासन्‌तास धुमसते. बाहेरून पाणी मारलं तर कातडी भिजते, पोट जळत राहतं. तेल लागलेला कापूस तर ठिणगीशिवाय आपणहून तापू शकतो. असा माल खाली आणि स्फोटकं वर, आणि उष्णतेचा धर्म वर जाण्याचा. या रचनेत आग लागली तर तिने कुठे जायचं हे कराचीतच ठरून गेलं होतं.

इथे साखळी तोडता येत होती, आणि सर्वांत स्वस्तात. पण माल चढवायला नकार द्यायचा तर युद्धाची निकड, व्यापाऱ्यांची गरज आणि वरिष्ठांचा हुकूम या तिन्हींच्या विरुद्ध कप्तानाला उभं राहावं लागलं असतं.  हरकत नोंदवणं एवढंच त्याच्या हातात होतं, ते त्याने केलं.

१२ एप्रिल, मुंबई

जहाज व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबर धक्क्याला लागलं. शांततेच्या काळात हे घडलं नसतं. दारूगोळ्याचं जहाज बाहेर खोल पाण्यात नांगरायचं, माल बार्जमध्ये उतरवायचा, आणि मगच जहाजाला गोदीत घ्यायचं, अशी रीत होती. युद्धामुळे ती शिथिल केली गेली होती. जहाजांचे तांडे येत होते, जागा कमी पडत होती, वेळ त्याहून कमी.

दुसरी रीत लाल बावट्याची. जहाजावर धोकादायक माल असेल तर डोलकाठीवर लाल बावटा चढवायचा. ‘फोर्ट स्टिकिन’वर तो चढला नाही. परिणाम असा की शेजारच्या जहाजांवरचे खलाशी, धक्क्यावरचे मुकादम, पलीकडच्या शेडमधले कारकून, यांतल्या कोणालाच आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे कळलं नाही. बावट्याने आग विझत नाही हे खरं. पण शेजाऱ्याने धूर पाहिला तर तो कोणत्या घाईने पळेल, हे बावटा ठरवतो.

१३ एप्रिल

दारूगोळा उतरवायचा तर तो थेट बार्जमध्येच उतरवावा लागतो. बार्ज आले ते दुसऱ्या दिवशी. तोवर कामगारांच्या टोळ्यांनी बाकीचा माल उपसायला घेतला. आघाडीच्या निकडीसाठी ज्या जहाजाला नियम मोडून आत घेतलं, त्याच्यावरून निकडीचा माल सोडून मासळीचं खत आणि तसलंच काही आधी उतरत होतं.

जोखमीच्या हिशेबात वेळ हाही एक माल असतो. धोका जितका वेळ धक्क्याला बांधून ठेवाल, तितकी काहीतरी बिघडण्याची संधी वाढते. जहाज गोदीत आलं त्याला शुक्रवारी दुपारी अठ्ठेचाळीस तास होत आले होते आणि बहुतांश दारूगोळा जागच्या जागी होता. नियम शिथिल करणाऱ्यांनी त्याच्या बदल्यात अमुक तासांत माल उतरवलाच पाहिजे अशी अट घातली असती, तर सवलतीला काही अर्थ राहिला असता. सवलत मिळाली, अट राहून गेली.

१४ एप्रिल, दुपारी १२.३०

टोळ्या जेवायला गेल्या. होल्डमध्ये माणूस नव्हता. साडेबारा ते एकच्या दरम्यान गोदीतल्या दुसऱ्या जहाजांवरच्या काहीजणांना ‘फोर्ट स्टिकिन’च्या दोन नंबर होल्डच्या वायुवाहिन्यांतून धूर येताना दिसला. कोणी ओरडलं नाही. ज्यांच्या जहाजातून धूर येतोय त्यांना तो दिसला असेलच, असं प्रत्येकाने धरून चाललं. लाल बावटा नव्हता, त्यामुळे धूर हा नुसता धूर होता.

पुढच्या तासाभराची किंमत नंतर मोजता आली. आग लहान होती, होल्ड बंद करता आला असता, वरचा दारूगोळा अजून थंड होता.

दुपारी १.४५

जेवून परतलेल्या कामगारांना होल्डमधून धूर दिसला. ते भराभर वर आले. आरडाओरडा झाला. जहाजावरच्या खलाशांनी आणि धक्क्यावर तैनात असलेल्या बंबवाल्यांनी होल्डमध्ये नळ्या सोडल्या.

दुपारी २.००

पहिला निर्णय झाला, तो कोणी घेतला हे न ठरताच: पाणी मारायचं. आग दिसत नव्हती, धुरामुळे तिचं मूळ सापडत नव्हतं, म्हणून अंदाजाने पाणी. जहाजाच्या होल्डमधली आग विझवायची दुसरी पद्धत जुनी आणि माहितीतली होती. फाळक्यावर झाकण घालायचं, हवेच्या वाटा बंद करायच्या आणि आत वाफ सोडून आगीचा श्वास कोंडायचा. ती वापरली गेली नाही. स्फोटानंतर झालेल्या चौकशीत ज्या चुकांवर बोट ठेवलं गेलं त्यात ही एक होती.

दुपारी २.१६

शहराच्या अग्निशमन दलाला वर्दी पोचली, पण अर्धवट. स्फोटकांच्या जहाजाला आग लागली आहे हे सांगायला दूरध्वनीवरून विशेष खुणेची वर्दी द्यायची असते. निरोप घेऊन धावलेल्याला चालू दूरध्वनी मिळाला नाही, म्हणून त्याने आगीच्या इशाऱ्याची काच फोडली. काच फोडली की नियंत्रण कक्षाला ठिकाण कळतं, आगीचा प्रकार कळत नाही. नेहमीची वर्दी समजून दोन बंब निघाले. जहाजावर काय आहे हे तिथे पोचल्यावर समजलं आणि मग जादा बंबांची मागणी गेली.

एका नादुरुस्त यंत्राने शेकडो माणसं मारली असं म्हणणं सोपं आहे, आणि चुकीचंही. दूरध्वनी बिघडतो हे गृहीत धरून दुसरा मार्ग आखून ठेवायचा असतो. आजच्या कुठल्याही बंदराच्या सुरक्षा तपासणीत पहिल्या तासाभरात हाच प्रश्न येतो: मुख्य यंत्रणा बंद पडली तर निरोप कसा जाणार, आणि हे शेवटचं कधी करून पाहिलंत?

दुपारी २.३०

लष्कराच्या दारूगोळा खात्याचे कॅप्टन ब्रिनली ओबर्स्ट जहाजावर पोचले. त्यांनी माल रचल्याचा नकाशा मागवला, पाहिला, आणि जहाजावर सगळी गोदी उडवायला पुरेल एवढा माल असल्याचं कप्तानाला सांगितलं. त्यांचा सल्ला स्पष्ट होता: जहाज बुडवा.

हा या दुपारचा सर्वांत महत्त्वाचा क्षण. इथवर लोक अज्ञानात वावरत होते असं म्हणायला जागा होती. अडीचनंतर ती राहिली नाही. ज्याला कळतं त्या माणसाने, ज्याच्याकडे जहाज आहे त्या माणसाला, समोरासमोर उभं राहून सांगितलं होतं.

दुपारी ३.००च्या सुमारास

जहाजाच्या डाव्या अंगाचा पत्रा एका जागी तापून त्यावरचा रंग फुगू लागला. आगीचं मूळ सापडलं. पत्रा कापून त्या भोकातून थेट आगीवर पाणी सोडायचं ठरलं, पण पत्रा कापायचं गॅसचं यंत्र वेळेवर चाललं नाही.

दरम्यान धक्क्यावर माणसं जमली होती. गोदीचे सरव्यवस्थापक कर्नल जे. आर. सॅडलर आले. त्यांचं म्हणणं, जहाज ओढून गोदीबाहेर समुद्रात न्यावं. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज यांना ते पटेना. जहाज हलवायचं तर बत्तीस नळ्या तोडाव्या लागणार, पाणी थांबणार, आणि पेटतं जहाज गोदीच्या दरवाज्यातून बाहेर पडेपर्यंत आग मोकाट. ओबर्स्ट यांचा आग्रह जहाज बुडवण्याचा. पण धक्क्यालगत जहाज पूर्ण बुडेल एवढं खोल पाणी नव्हतं. कप्तानाचं मन ठरेना.

तीनही सल्ल्यांना कारणं होती आणि तीनही अवघड होते. ओढून नेताना जहाज वाटेतच फुटलं असतं, तर दोष नेणाऱ्यावर आला असता. बुडवलं असतं आणि आग नंतर सहज विझण्यासारखी होती असं निघालं असतं, तर लाखमोलाचा युद्धमाल बुडवल्याचा ठपका बुडवणाऱ्यावर बसला असता. पाणी मारत राहण्याचा दोष कोणावरच येत नव्हता, कारण ते आधीच चालू होतं. ज्या बैठकीत कोणा एकाचा शब्द शेवटचा नसतो, तिथे जे चालू आहे तेच चालू ठेवायचा निर्णय आपोआप मंजूर होतो.

अधिकारांची वाटणी पाहा. जहाज कप्तानाचं. धक्का गोदीच्या व्यवस्थापनाचा. आग अग्निशमन दलाची. माल लष्कराचा. प्रत्येकजण आपल्या चौकटीत बरोबर वागत होता. सगळ्या चौकटींच्या वर हात ठेवून ‘आता हे करा’ म्हणणारा एक माणूस आधीपासून नेमलेला नव्हता, आणि आग लागल्यावर तो नेमायचा अधिकारही कोणाकडे नव्हता.

दुपारी ३.३०

नऊशे टनांहून जास्त पाणी होल्डमध्ये गेलं. जहाजावर ठिकठिकाणी पाणी उकळत होतं. आणि इथे पाण्याने उलटं काम केलं. कापूस पाण्यावर तरंगतो. पातळी वाढली तशा धुमसत्या गासड्या तळावरून उचलल्या गेल्या आणि वरच्या मजल्यावरच्या स्फोटकांच्या जवळ सरकल्या. आग विझवण्याचा उपाय आगीला शिडी लावत होता.

सागरी सुरक्षेच्या वर्गात आजही हा भाग वेगळा काढून शिकवण्यासारखा आहे. उपाय सुरू करण्यापूर्वी तो फसल्याची खूण कोणती, आणि ती दिसल्यावर थांबायचं कोणी सांगायचं, हे ठरवून ठेवलेलं नसेल तर माणसं उपायावरच भिस्त ठेवून बसतात. पाण्याचा परिणाम होत नाहीये हे तीनच्या आसपास कळू शकत होतं. तरीही प्रत्येकाला वाटत राहिलं की आणखी थोडं पाणी पुरेल.

दुपारी ३.५०

ज्वाळा होल्डबाहेर उसळल्या. जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. बंबवाले जहाजावरून खाली आले, पण धक्का त्यांनी सोडला नाही.

एक हुकूम मात्र सुटलाच नाही. गोदी रिकामी करण्याचा. भोंगा वाजला नाही. शेजारच्या जहाजांवर काम चालू होतं, शेडमध्ये माणसं होती, आग बघायला आलेल्यांची गर्दी होती. गोदीच्या भिंतीपलीकडे दाणाबंदर, मस्जिद बंदर, मांडवी इथल्या वखारी आणि दाटीची वस्ती होती. ओबर्स्ट यांनी धोक्याचा आकार सांगितल्याला एक तास वीस मिनिटं झाली होती. जहाज वाचवायचं, बुडवायचं की ओढायचं, यावर वाद घालता येत होता. माणसांना लांब पाठवायला कोणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं. पण त्या दुपारी सगळे जहाजाचं काय करायचं हे ठरवत होते. माणसांचं काय करायचं हा प्रश्न कोणाच्याच यादीत नव्हता.

या घटनाक्रमातली सर्वांत मोठी चूक शोधायची तर मी कापसाकडे किंवा बावट्याकडे जाणार नाही. ती इथे आहे. अडीच ते चार या दीड तासात पायी चालतही माणूस पाच-सहा किलोमीटर दूर जाऊ शकतो.

दुपारी ४.०६

दोन नंबरचा होल्ड फुटला. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकाने धक्का नोंदवला, आणि सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या सिमल्याच्या यंत्रांनीही. शेजारी उभं असलेलं ‘जलपद्म’ हे सुमारे चार हजार टनांचं जहाज पाण्याबाहेर उचललं जाऊन धक्क्यावरच्या शेडवर येऊन पडलं. पेटत्या गासड्या आणि लोखंडाचे तुकडे शहरावर कोसळले. सोन्याची एक वीट मैलभर दूरच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन पडली. घरमालकाने ती सरकारजमा केली.

कप्तान नेस्मिथ गेला. बंबांची पहिली फळी धक्क्यावरच गेली.

दुपारी ४.३४

मागच्या होल्डमधला दारूगोळा फुटला. पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावलेली माणसं याच्या तडाख्यात सापडली. जहाजावर स्फोटकं दोन ठिकाणी आहेत हे माल रचल्याच्या नकाशात होतं. पहिला स्फोट झाल्यावर दुसरा बाकी आहे, एवढं धावत येणाऱ्यांना सांगायला कोणी जागेवर उरलं नव्हतं.

त्यानंतर

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ढिगारे उपसून गोदी चालू करायला आठ हजार माणसं सात महिने राबली. उपसलेला राडारोडा पाच लाख टनांच्या घरात. गोदीशी आणि अग्निशमनाशी संबंधित २३१ माणसं मेली, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान. नागरिकांमधले मृत्यू पाचशेहून अधिक, आणि एकूण आकडा काही अंदाजांनुसार तेराशेच्या आसपास. अडीच हजारांवर जखमी. तेरा जहाजं गेली. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळालं आणि शहरात धान्याचा काळाबाजार फोफावला.

बातमीही कोंडली गेली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी तपशील सांगितले. हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत छापायची मुभा नव्हती.

चौकशीने आगीचं मूळ बहुधा कापसाच्या गासड्यांत असल्याचं म्हटलं आणि चुकांची यादी दिली: स्फोटकांखाली कापूस रचला, लाल बावटा लावला नाही, दारूगोळा उतरवायला उशीर केला, वाफ वापरली नाही, अग्निशमन दलाला कळवायला वेळ लावला. पाचही मुद्दे खरे आहेत. मात्र हे पाचही मुद्दे ‘काय चुकलं’ याचे आहेत. ‘कोणी थांबवायचं होतं’ याचं उत्तर त्यांत मिळत नाही.

मग काय बदललं?

पुढच्या काळात सागरी सुरक्षेचे जे नियम झाले त्यांत या पाचही चुकांची उत्तरं सापडतात. धोकादायक मालाच्या वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता १९६५ मध्ये स्वीकारली गेली आणि २००४ पासून सक्तीची झाली. मालाचे नऊ वर्ग ठरले, कोणता वर्ग कोणापासून किती अंतरावर ठेवायचा याचा तक्ता ठरला. आज ‘फोर्ट स्टिकिन’सारखी रचना कोणी कागदावर मांडली, तर माल चढण्याआधीच ती नाकारली जाईल.

‘कोणी थांबवायचं’ याचं उत्तर यायला मात्र आणखी एक दुर्घटना लागली. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट पुढचा दरवाजा उघडा ठेवून बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून निघाली आणि उलटली. १९३ माणसं गेली. त्या चौकशीने खलाशांबरोबर कंपनीच्या कचेरीवरही बोट ठेवलं. पुढे जहाज-व्यवस्थापनाच्या सुरक्षेची संहिता आली, ती १ जुलै १९९८ पासून लागू होऊ लागली. तिच्यातल्या दोन तरतुदी नेस्मिथच्या प्रसंगाला तंतोतंत लागू पडतात. सुरक्षेच्या बाबतीत कप्तानाचा अधिकार सर्वोच्च आहे हे कंपनीने लेखी मान्य करायचं. आणि किनाऱ्यावर एक नेमलेली व्यक्ती ठेवायची, जिची पोच थेट कंपनीच्या सर्वांत वरच्या माणसापर्यंत असेल. कराचीत नोंदवलेली हरकत आज त्या व्यक्तीच्या टेबलावर जाते आणि तिचं उत्तर द्यावं लागतं.

धोका मात्र जागा बदलून बसला आहे. कंटेनरच्या पोटात काय आहे हे कप्तानाला कागदावरून कळतं, आणि भाडं वाचवण्यासाठी कागदावर खोटं लिहिणारे पाठवणारे आजही आहेत. १९ जुलै २०२४ रोजी मुंद्र्याहून कोलंबोला निघालेल्या ‘मर्स्क फ्रँकफर्ट’ला गोवा-कारवार किनाऱ्याबाहेर आग लागली, एक खलाशी गेला आणि तटरक्षक दलाच्या जहाजांना कित्येक दिवस झुंजावं लागलं. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा शेव्याकडे येणाऱ्या ‘वान हाय ५०३’वर केरळच्या किनाऱ्याबाहेर स्फोट झाले. बावीस खलाशांपैकी अठरा वाचले. पेटतं जहाज किनाऱ्यापासून दूर ओढून नेण्यात आलं. सॅडलर यांचं म्हणणं ८१ वर्षांनी अंमलात आलं, कारण ते अंमलात आणायचा अधिकार कोणाकडे आहे हे या वेळी ठाऊक होतं.

बैरुतला ते ठाऊक नव्हतं. २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१३ साली आलेल्या एका जहाजाचं. ते बंदरातल्या गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलं. धोक्याची पत्रं एका कचेरीतून दुसरीत फिरली. ४ ऑगस्ट २०२० रोजी ते फुटलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तिथेही माहिती होती, जाणकार होते, अधिकारीही होते.

मुंबईत १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, सप्ताह सुरू होतो, कवायती होतात. त्या दिवशी प्रत्येक बंदर, गोदी, तेलसाठा आणि कंटेनर डेपोच्या व्यवस्थापनाने आपल्या आराखड्यात एकच गोष्ट तपासावी. आग लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत शेवटचा शब्द कोणाचा, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोणाचा? तिथे नाव लिहिलेलं नसेल, किंवा एकापेक्षा जास्त नावं असतील, तर आराखडा अपुरा आहे. आणि त्या नावाच्या माणसाने पहिला हुकूम द्यायचा तो माणसं बाहेर काढण्याचा. जहाजाचं काय करायचं हे त्यानंतर ठरवावं.